पाण्याकडे पाठ

चौकट पावणेपाच फुटांची आहे. मी टेप काढून मोजली. तीस वर्षांची सवय, हात आपोआप पर्समध्ये जातो. सागवानी चौकट, धुराने आणि तेलाच्या हातांनी काळी पडलेली, उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला. तिच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही. डावीकडून जा, उजवीकडून जा, कुणी अडवत नाही. चौकटीमागे ओटा, ओट्यावर कवेलूंची, म्हणजे कौलांची, लांब छपरी आणि छपरीच्या पाठीला मातीची एकच भिंत. भिंतीपलीकडे धानाच्या दोन-तीन बांध्या ओलांडल्या की पाणी लागतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी. ही चौकट ज्या घराची, ते घर आणि ते सगळं गाव त्या पाण्याखाली आहे.

हे स्मारक आर्किटेक्चरच्या मुलांनी बांधलं. सहा-सात वर्षं झाली असतील. बुडालेल्या गावाचं स्मारक, पुनर्वसनाच्या नव्या गावात. मी त्याबद्दल ऐकून होते, पण जायचा धीर होत नव्हता. यंदा जानेवारीत एका कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची ग्रामीण वास्तू बघायची दोन दिवसांची सहल निघाली आणि त्यांनी मलाही बोलावलं, तेव्हा गेले.

पहिला दिवस सेवाग्रामचा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० सालचं. मुलं थेट बापूकुटीकडे धावली. ती कुटी मुळात मीराबेनची, गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. भिंतीवर मीराबेनने स्वतःच्या हाताने मातीत उठवलेली झाडं आहेत, चरखा आहे. एक मुलगी त्या उठावाकडे किती तरी वेळ बघत उभी होती. तिला म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, "मॅडम, भिंत आणि चित्र एकाच मातीचं आहे." मला फार बरं वाटलं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं. याच वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली; हाताने काम करता करता शिकायचं, सूत कातताना गणित आणि शेतात भूगोल. आज आपली मुलं पडद्यावर भिंती उभ्या करतात आणि त्यांना विटेचं वजन ठाऊक नसतं. यात दोष त्यांचा नाही, शिकवणाऱ्या आमचा आहे.

दुसऱ्या दिवशी पवनी. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं जुनं गाव, अजूनही तटबंदी आणि दरवाजा दाखवणारं. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. पवनीतच एक स्मृतिस्तंभही सापडला, रूपिअम्मा नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा. त्यावरच्या लेखात त्या स्तंभाला शब्द आहे 'छायाखंभो'. छायेचा खांब. जाणकार सांगतात की इथे छाया म्हणजे प्रतिमा, गेलेल्या माणसाची आकृती. मी मुलांना तसंच सांगितलं. मागून एक मुलगा म्हणाला, "पण छाया म्हणजे सावलीच ना मॅडम?" सगळे हसले. तो शब्द मात्र दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

पवनीपासून धरण जवळ. धरणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली, तेव्हा मी नागपुरात बारावीची परीक्षा देऊन बसले होते. घरी वडील खूश होते. त्यांचं मूळ गाव धानपट्ट्यातलं. ऐन भर आलेला धान शेवटच्या एका पाण्यासाठी कसा वाळतो ते त्यांनी पाहिलेलं. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून २,५०,८०० हेक्टर भिजणार होतं. सुरुवातीचं अंदाजपत्रक ३७२ कोटींचं. पुढे खर्च किती पटींनी फुगला आणि वर्षं किती गेली हे विदर्भात कुणाला सांगायला नको. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला. धरण नकोच म्हणणाऱ्यांतली मी नाही. धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्याचं मोल कळतं. पण आज पावसाळ्यात ३३ दरवाजे उघडल्याची बातमी टीव्हीवर लागते आणि लोक कौतुकाने बघतात, तेव्हा मला दरवाज्यांच्या अलीकडे साठलेलं पाणी दिसतं आणि त्याच्या तळाशी ओटे, विहिरी, चुलाण्या.

त्याचं कारण आहे.

१९९४ साली मी नागपुरातल्या एका ऑफिसात नोकरीला लागले. पहिलीच नोकरी. तिथे पुनर्वसनाच्या गावठाणांचे लेआउट काढायचं काम येई. माझ्या टेबलावर एक मोजणीचा नकाशा यायचा आणि कुटुंबांचा एक आकडा यायचा. तेवढ्या जमिनीत तेवढे प्लॉट बसवायचे, रस्ते काटकोनात, गटारं उताराने, शाळेची जागा, स्मशानाची जागा, खळवाडी, बसथांबा. पुनर्वसनात १८ नागरी सुविधा म्हणतात, त्या सगळ्या नकाशावर दिसायला हव्यात. उरेल तिथे 'खुली जागा' लिहायचं. ट्रेसिंगवर शाईच्या पेनने मी असे किती चौकोन आखले असतील! हात स्वच्छ होता माझा, रेघ कधी फाटली नाही. साहेब कौतुक करायचे. दीड वर्षात मी एकदाही गावात गेले नाही. कुणी नेलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे म्हटलं की मला घेऊन चला?

त्या दुपारी बस नव्या गावात शिरली आणि मला काटकोन ओळखू आले. हाच लेआउट मी काढला होता असं मी म्हणणार नाही, ती ट्रेसिंग्ज कुठल्या गावांची होती हे आता आठवतही नाही. पण तो हात ओळखीचा होता. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, उन्हात तापणारी टिनाची घरं, आणि टोकाला, उरलेल्या तुकड्यात, ती 'खुली जागा'. स्मारक तिथेच आहे.

ज्या मुलांनी ते बांधलं त्यांच्यातला एक जण आता त्याच कॉलेजात शिकवतो. तोच आमच्यासोबत होता. तो सांगत होता की पाणी चढायच्या आधी कॉलेजच्या जुन्या एका तुकडीने त्या गावातल्या तीन घरांची मोजणी करून ठेवली होती. दुसऱ्या वर्षाचा नेहमीचा अभ्यास असतो तो, जुनं घर मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. मार्क मिळाले, कागद कपाटात गेले. गाव उठलं, पाणी आलं. पुढे कधीतरी कपाट आवरताना ती भेंडोळी याच्या तुकडीच्या हाती लागली. कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सांदवाडीत वाल, लिंबाचं झाड, आजी म्हणतात झाड सासऱ्यांनी लावलं.' एवढं वाचून ही मुलं ते गाव कुठे गेलं ते शोधत निघाली.

गाव सापडलं. माणसंही सापडली. चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिलेले, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली घरं चार दिशांना पांगलेली. मुलांनी विचारलं, आम्ही तुमच्या गावाची आठवण म्हणून काहीतरी बांधू का? कुणी विरोध केला नाही, कुणी फार उत्साहही दाखवला नाही. सर्वेक्षणाला आलेल्यांना चहा पाजायची सवय झालेली माणसं ती.

पहिल्या आराखड्यात मुलांनी उंच मनोरा काढला होता, बुडालेल्या गावाच्या पातळीची खूण असलेला. तो मागे पडला. नंतर नावांचा फलक आला. आपल्याकडे १९८० च्या दशकात गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली गेली, ती आमच्या पिढीने शाळेच्या सहलीत पाहिलेली आहेत. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला, आष्टीला जे घडलं ते विसरता कामा नये, त्यासाठी दगडावर नावं हवीतच. पण इथे नावं कुणाची घालायची? यादीत होती ती कुटुंबप्रमुखांची, म्हणजे पुरुषांची. सारवणं, लिंपणं, कोनाडे, तुळशी, घराचं घरपण ज्यांच्या हातचं, त्या बाया यादीत नव्हत्याच. फलकही मागे पडला.

"शेवटी एका आजीनं सोडवलं," तो म्हणाला आणि आजींना बोलवायला गेला.

आजी आल्या त्या पदराने हात पुसत. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, पाठ ताठ. मुलांना म्हणाल्या, "बसा जी, उभे कायले?" आणि स्वतः ओट्याच्या कडेला बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि लक्षात आलं की पाय बरोबर जमिनीला टेकतात. सतरा-साडेसतरा इंच असेल. हल्ली पायऱ्या, कट्टे, बाकं आम्ही पुस्तकातल्या मापाने काढतो. हा ओटा त्या तीन घरांच्या मोजणीतून आलेला, पिढ्यांनी बसून बसून ठरवलेला.

"आजी, काय सांगितलं होतं तुम्ही या पोरांना?"

"काई नाई. बसाले जागा नाई म्हटलं. घरं देल्ली, नळ देल्ला. संध्याकाळी बसाचं कुठं? रस्त्यावर?"

जुन्या गावात प्रत्येक घराला छपरी होती. छपरीतून समोरच्याची छपरी दिसायची. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची सून माहेरी निघाली, कुणाच्या घरून आज धूर निघाला नाही, हे सगळं बसल्या जागी कळायचं. सुविधांच्या यादीत बरंच असतं, पण कुणाच्या छपरीतून कुणाची चूल दिसते ते त्या यादीत कसं येणार? माझ्या ट्रेसिंगवर तरी कुठे होतं?

तर मुलांनी छपरी बांधायची ठरवली. लोकांच्या अंगात जीव आला तो तिथे. घरं पाडताना निघालेलं सामान बऱ्याच जणांनी टाकलं नव्हतं. कुणाच्या परसात म्याल पडलेला, कुणाच्या कुडाला कवेलूंची चळत टेकलेली. चाकावर घडवलेली, हातची गावठी कवेलू. मी एक उचलून उलटं केलं तर आतल्या अंगाला कुंभाराच्या बोटांच्या रेघा आणि कडेला अंगठ्याचा दाब. असे शेकडो अंगठे त्या छपरावर आहेत.

भिंत मात्र पहिल्या खेपेला फसली. मुलांनी पुस्तकात वाचून माती कालवली, तनस म्हणजे धानाचा पेंढा घातला आणि दुसऱ्याच दिवशी भिंत उचलायला घेतली. चार दिवसांत भेगा, आठवड्यात एक कोपरा गळून पडला. आजी ते रोज येता-जाता बघत होत्या.

"मंग सांगितलं का नाही आधी?" आमच्यातल्या एका मुलीने विचारलं.

"इचारलंच नाई पोट्ट्यायनं," आजी म्हणाल्या. "माती भिजू द्या लागते. आठ दिस. तनस कुजली पायजे, वास सुटला पायजे. मंग ते माती हाताले सोडत नाई."

वास सुटला की माती तयार. आमच्या कुठल्या पुस्तकात हे आहे? दुसऱ्या खेपेला खड्ड्यात माती भिजत घातली, रोज पायाने तुडवली, तनस काळी पडेस्तोवर थांबले. परीक्षा तोंडावर, मे महिन्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि चाळीस मुलं माती कुजायची वाट बघत बसलेली. त्या आठ दिवसांत त्यांनी गावातल्या घराघरांत जेवून घेतलं. तो शिक्षक म्हणाला की खरं काम त्या आठ दिवसांत झालं, आणि मला ते पटतं. ती भिंत आज तळहाताने दाबली तर आत हलत नाही. दरवर्षी पावसाआधी बाया तिला लिंपतात. कुणी सांगत नाही, पाळी ठरलेली नाही.

ओट्यावर चालताना पायाला गोल गोल थंड दगड लागतात. जात्यांचे खालचे दगड आहेत ते, जमिनीत बसवलेले. गाव उठलं तेव्हा माणसांनी भांडी, कपाटं, दारं, खिडक्या नेल्या आणि जातीही नेली, कारण जातं पाण्यात सोडायला कुणाचं मन होईना. नव्या घरात त्याला जागा नव्हती. गिरणी होतीच. मग ती बाहेर उन्हापावसात पडून राहिली. बायांनीच मुलांना विचारलं, हे घ्याल का? बेचाळीस जाती आहेत. एकावरही नाव नाही. आजींनी मला हात धरून फिरवलं: हे अमक्या वहिनीचं, हे भरड्याचं, हे माझ्या सासूचं, हे बघ, इथं टवका गेला तो माझ्या मोठ्या पोरानं पाडला. बेचाळीसच्या बेचाळीस त्यांना पाठ. दोन जाती मात्र वरच्या दगडासकट तशीच ठेवली आहेत, फिरती. लग्नघरची हळद अजून तिथेच येऊन दळतात. एकाच्या तोंडाशी मला पिवळी पूड दिसली, बोट लावून पाहिलं, ताजी होती.

पवनीच्या कठड्यावरची दान देणाऱ्यांची नावं मला तिथे आठवली. तिथे नावं वाचायला लिपी यावी लागते. इथे आजी लागतात. त्या गेल्यावर काय, हा प्रश्न त्या शिक्षकालाही पडलेला दिसला, कारण त्याने हळूच सांगितलं की गावातल्या दोन मुली आजींकडून जात्यांची ओळख शिकून घेतायत. कागदावर लिहून घ्यायचं ठरलं होतं, तर आजींनी बसवून तोंडपाठ करून घेतलं.

आता चौकटीचं. ती आजींच्याच घरची. मुलांनी तिच्यासाठी एक सुंदर जागा ठरवली होती: पाठीमागच्या भिंतीत ती बसवायची, पाण्याच्या दिशेने. ओट्यावर उभं राहिलं की चौकटीतून जलाशय दिसेल, जिथे गाव होतं बरोबर ती जागा. मला विचाराल तर मीही तेच केलं असतं. आमच्या शिक्षणात असंच शिकवतात, दृश्य पकडायचं. फोटोही फार छान आला असता. चौकट उचलून भिंतीशी नेली तेव्हा आजी पुढे आल्या.

"दार पान्याकडं कायले?" त्यांनी विचारलं. "तिकडून कोन येनार हाये?"

तो शिक्षक हे सांगताना थांबला. सहा-सात वर्षांनंतरही त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, आमच्याकडे उत्तर नव्हतं मॅडम. आम्ही चौकट परत उचलली आणि त्या दाखवतील तिथे नेली. आजींनी ती छपरीच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला उभी करायला लावली, पायऱ्यांच्या तोंडाशी. जिथून बस येते, माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात. पाण्याकडच्या अंगाला सलग भिंत बांधून घेतली, एक झरोकासुद्धा ठेवू दिला नाही.

मी उठून त्या भिंतीच्या मागे गेले. लाखोरीची निळी फुलं बांध्यांतून पसरलेली, त्यापलीकडे पाणी, स्वच्छ, शांत, लांबपर्यंत. खरोखर देखणं. मला तिथे फार वेळ उभं राहवेना. मी परत आले आणि आजींच्या शेजारी बसले. त्यांना मी माझ्या त्या नोकरीबद्दल सांगितलं. ट्रेसिंग, चौकोन, खुली जागा, सगळं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी लहान होत्या तवा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता आल्या नं."

मुलं तोवर मापं घेत होती. कुणी कवेलूंच्या ओळी मोजत होतं, कुणी म्यालाची जाडी. सेवाग्रामला भिंतीसमोर उभी राहिलेली ती मुलगी ओट्यावर मांडी घालून जातं काढत होती आणि एक लहान पोरगा तिच्या वहीत डोकावून सांगत होता, "ते आमचं हाये, टवका नाई काढला तुमी." तिने खोडून पुन्हा काढलं.

चारच्या सुमाराला लाल डबा आला. थांबा समोरच आहे. एक तरणी बाई उतरली, कडेवर मूल, खांद्याला पिशवी, बहुधा माहेरी आलेली. रस्ता ओलांडून ती सरळ छपरीकडे आली. आजींनी हाक मारली, ती हसली. चौकटीच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या, हात पसरून गेली असती तरी कुठे लागलं नसतं. तिने चपला खाली काढल्या, मुलाच्या डोक्यावर तळहात धरला, मान वाकवली आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडून आत आली.